काटा कुणाचा?

"तुम्हाला ठाऊक होतं ना, बाई? मग कागदावर चूक राहिली कशी?"

२००६ सालच्या मार्चमध्ये, एका सार्वजनिक उद्यानातल्या गुलाबांच्या ताटव्यापाशी उभे राहून, हातातली कात्री मिटता मिटता एका कामगार बाईने मला हा प्रश्न विचारला. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात तोवर माझी एकवीस वर्षे गेली होती आणि त्या दिवशी मी तिथे परीक्षक म्हणून आले होते. विचारणारी कोण होती, हे पुढच्या काही वर्षांत मी समजून घेतले: काही तिच्याकडून, काही तिच्या सासूकडून, आणि उरलेले एका जाड पुस्तकाच्या पानांवर पडलेल्या चिकाच्या डागांवरून.

उद्यानात तिला सगळे 'कात्री' म्हणत. हे नाव हत्यारावरून पडले की जिभेवरून, याबद्दल तिथे दोन तट होते. तिचे मुख्य काम कुंपण छाटण्याचे. इतर माळी दोन खुंट्यांना दोरी ताणून तिच्या रेषेत छाटत. कात्री दोरी लावत नसे. एका टोकाला उभी राहून डावा डोळा मिटायची, कुंपणाच्या माथ्यावरून एकदा नजर फिरवायची आणि मग थेट दुसऱ्या टोकाला जाऊन थांबायची. उरलेल्या वेळात गुलाबांची छाटणी आणि लिंबांच्या ओळीची देखभाल. अकरा वर्षे ती रोजंदारीवर होती. कायम कामगारांना वर्षाला हातमोज्यांचे दोन जोड मिळत. रोजंदारीवरच्या हातांना काटे बोचत नसावेत, असा कार्यालयाचा समज असावा.

हे काटे ती संध्याकाळी घरी नेत असे. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. नवरा मालमोटार चालवी आणि आठवड्यातून दोनच दिवस घरी असे. बाकी घर म्हणजे ती आणि सासू. सासूने सारे आयुष्य एका शिंप्याकडे काजे करण्यात घालवले होते. नजर अधू झाल्यावर काजे सुटले, सुई सुटली नाही. ऊन उतरायच्या आत ती सुनेला खिडकीपाशी बसवी, तिचा तळवा आपल्या मांडीवर पालथा-उताणा करी आणि विचारी, "आज कुणाचा?"

"लिंबाचा."

"मग चष्मा आण आणि दात आवळ. गुलाबाचा असता तर तसाच काढला असता. तो मेला वरच्या वर राहतो."

रोजचा हा संवाद दोघींच्या इतका अंगवळणी पडला होता की त्यात काही शास्त्र आहे, असे दोघींपैकी एकीच्याही मनात आले नव्हते.

पुढे उद्यानाचा मुकादम निवृत्त व्हायचा झाला. तोवर ही जागा सेवाज्येष्ठतेने भरली जाई, आणि सेवा मोजली जाई ती फक्त कायम कामगारांची. त्या वर्षी मुख्य कार्यालयाने नियम बदलला. दहा वर्षे काम केलेल्या कुणालाही, रोजंदारीवर असला तरी, तोंडी परीक्षेला बसता येईल. वीस प्रश्न, पंधरा बरोबर आले तर पात्र. नियमाचा कागद अवजारांच्या खोलीच्या दारावर लागला. कात्रीने तो बोट फिरवत दोनदा वाचला. शाळा चौथीत सुटल्यामुळे तिचे वाचन सावकाश चाले. मग आत जाऊन तिने मुकादमापुढे आपले नाव लिहिण्यासाठी वही सरकवली.

"तू?" मुकादम म्हणाला. "गडीमाणसं बाईच्या हाताखाली काम करतील होय?"

"आता मी छाटलेल्या कुंपणामागं बसून विड्या ओढतात, तेवढं चालतं ना? मग हेही चालेल."

"अगं, झाडाच्या भागांची नावं विचारणार आहेत. शास्त्र. कात्री चालवणं वेगळं."

"मग शास्त्राचं पुस्तक द्या."

मुकादम हसला आणि त्याने पायाने टेबलाखाली दाखवले. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि त्याच्याखाली कित्येक वर्षे एक जाडजूड पुस्तक मुकाट उभे होते. ते कार्यालयाच्या कपाटातून टाकाऊ म्हणून खाली आले होते. कात्रीने टेबल खांद्याने उचलले, पुस्तक ओढून काढले आणि त्याच्या जागी वीट ठेवली.

"डुगडुगलं तर?"

"तर विटेला विचारा शास्त्र."

पुस्तकाचे वेष्टण आणि सुरुवातीची आठ पाने गेलेली होती, त्यामुळे त्याचे नाव तिला कधीच कळले नाही. सासू-सुना त्याला 'चित्रांचं' म्हणत. हा वनस्पतींचा सचित्र संदर्भग्रंथ होता: प्रत्येक पानावर रेखाचित्रे, चित्रातल्या प्रत्येक भागापासून निघालेली बारीक रेघ, रेघेच्या टोकाला क, ख, ग, आणि तळाशी त्या अक्षरांचे अर्थ. अशी पुस्तके आपण शिकलेली माणसे मजकुराकडून चित्राकडे वाचतो. ती उलट्या बाजूने वाचे. उद्यानातून एखादी डहाळी आणायची, चित्रावर आडवी ठेवायची, जुळते का पाहायचे, न जुळली तर पान उलटायचे. जुळली की मगच तळाचे अक्षर शोधायचे आणि शब्द मोठ्याने लावायचा. असे केल्याने पाने डागाळली. ते डाग मी नंतर पाहिले आहेत. कुठल्या पानावर ती किती रमली होती, हे डागांच्या दाटीवरून कळते.

तळाचे शब्द जड होते. 'कक्षस्थ कलिका' या शब्दापाशी ती दोन दिवस अडली. तिसऱ्या दिवशी डहाळी चित्रावर ठेवल्यावर तिच्या लक्षात आले की पान जिथे फांदीला टेकते त्या काखेतला हा बारीक उंचवटा म्हणजे आपण गुलाबाचे कलम करताना भरतो तो डोळा.

"आत्याबाई," ती सासूला म्हणाली, "हे पुस्तक मोठ्या घरचं बोलतं, पण बोलतं आपल्यातलंच."

डोळा सापडल्यावर तिला एक किल्लीच मिळाली. जिथे डोळा तिथे पान, हा नियम तिने पुस्तकातून घेतला आणि उद्यानभर लावून पाहिला. गुलाबाच्या एका देठावर पाच पाने असतात, असे ती इतकी वर्षे समजत होती. त्या पाचांच्या बुडाशी डोळा नव्हता. डोळा होता तो सगळ्या देठाच्या बुडाशी, एकच. म्हणजे पाच पाने नव्हती. पान एकच, त्याचे तुकडे पाच. हे तिने सासूला समजावून सांगितले तेव्हा म्हातारी म्हणाली,

"म्हणजे पाच जावा आणि चूल एक."

"अगदी."

"मग बाहेरून बघणाऱ्याला पाच घरं वाटणारच की."

पाठ्यपुस्तकात संयुक्त पानाची मी वाचलेली कोणतीही व्याख्या याहून नेमकी नव्हती. ती ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वर्गात मी हीच वापरते.

काट्यांचे पान पुस्तकाच्या मध्याच्या थोडे पुढे होते. तीन चित्रे शेजारी शेजारी: लिंबाची फांदी, निवडुंगाचा तुकडा, गुलाबाची फांदी. पहिल्याखाली लिहिले होते की लिंबाचा काटा म्हणजे फांदीचे बदललेले रूप. दुसऱ्याखाली, निवडुंगाचा काटा म्हणजे पानाचे. तिसऱ्या चित्राखालचा मजकूर नव्हता. पानाचा तो कोपरा कसरीने खाल्ला होता. किड्याने कुरतडलेल्या कडेवर फक्त 'गुलाबाचा काटा हा' एवढे शब्द शिल्लक होते, आणि पुढे भोक.

दुसऱ्या कुणी ते पान उलटून दिले असते. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि पुढे बियांची पाने बाकी होती. कात्रीला ते जमेना. रोज संध्याकाळी विचारला जाणारा प्रश्न तिच्यासमोर छापील होऊन उभा होता आणि त्याचे उत्तर किड्याच्या पोटात गेले होते. आज कुणाचा?

तिने डोळ्याचा नियम लावला. लिंबाचा काटा पानाच्या काखेत, डोळ्याला चिकटून. तेव्हा तो फांदीच्या नात्यातला, हे पटले. निवडुंगाचा काटा पानाच्या जागी, तेही पटले. गुलाबाच्या काट्याला मात्र ठावठिकाणाच नव्हता. पानाखाली, पानावर, दोन पानांच्या मध्ये, एका जागी तीन, पुढे वीतभर एकही नाही. काखेत नाही, डोळ्याशी संबंध नाही. "बेवारस आहे," तिने सासूला सांगितले.

"बेवारस कसा असेल? कुणाच्या तरी अंगचाच असणार."

सासूने हे सहज म्हटले होते. 'अंगचा' हा शब्द कात्रीच्या कानात अडकून राहिला. दुसऱ्या दिवशी तिने गुलाबाच्या काट्याला अंगठ्याने बाजूने रेटा दिला. टक्, आणि तो पाकळी गळावी तसा अलगद सुटला. मागे उरली ती बदामाच्या आकाराची बारीक, गुळगुळीत खूण, साल शाबूत. लिंबाच्या काट्याला तसाच रेटा दिल्यावर अंगठाच रक्ताळला. मग तिने तो कात्रीने उभा चिरला, आणि फांदीतले लाकूड सलग काट्याच्या टोकापर्यंत गेलेले तिला दिसले. गुलाबाच्या काट्यात लाकूड नव्हते. तो नुसता कातडीतून उठला होता.

त्या संध्याकाळी सासू तळवा घेऊन बसली तेव्हा कात्री म्हणाली, "आत्याबाई, भीती वाटली की अंगावर काटा येतो ना? तो हाडातून येतो का?"

"हाडातून कशाला? कातडीतून."

"गुलाबाचाही तसाच. अंगकाटा."

हा शब्द तिचा. कोशात तो मला कुठे आढळलेला नाही.

परीक्षेच्या दिवशी उद्यानाच्या कार्यालयात आम्ही तिघे टेबलामागे होतो: उद्यानाचे अधीक्षक, मुख्य कार्यालयाचा एक अधिकारी आणि मी. प्रश्न आणि उत्तरे मुख्य कार्यालयातून मंजूर होऊन आली होती. दोन दिवस आधी ती तपासून सही करण्यासाठी माझ्याकडे पाठवली होती आणि मी सही केली होती.

कात्रीची दहा उत्तरे झाली तेव्हा त्यांतली चार चुकली होती. बियांच्या पानांना तिला वेळ मिळाला नव्हता. अकरावा प्रश्न अधीक्षकांनी वाचला. "गुलाबाचा काटा हे कोणत्या अवयवाचं रूपांतर आहे?"

"कुणाचंच नाही, साहेब. तो अंगाचा आहे."

"चूक. फांदीचं." त्यांनी फुली मारली. "प्रश्न बारावा—"

"थांबा साहेब. लिंबाचा फांदीचा. गुलाबाचा नाही."

"उत्तरतालिकेत फांदी लिहिलंय."

"मग गुलाबाला सांगा उत्तरतालिका वाचायला."

अधिकाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. अधीक्षकांनी पेन खाली ठेवले. "हे बघ, अंगाचा म्हणजे काय? असा काही शब्द आहे का? कुठल्या पुस्तकात आहे?"

तिने पिशवीतून ते जाड पुस्तक काढले, काट्यांचे पान उघडले आणि भोकावर बोट ठेवले. "इथं होता. कसरीनं खाल्ला."

अधिकाऱ्याला हसू आवरले नाही. त्याने माझ्याकडे वळून विचारले, "बाई, बरोबर आहे ना आपली तालिका?"

मी म्हणाले, "तपासून पाहावं लागेल."

कात्रीने माझ्याकडे एकदा नीट पाहिले, कुंपणाच्या माथ्यावरून पाहत असे तसे. मग ती म्हणाली, "बाकीचे नऊ विचारा. पण मी या खुर्चीवरून उठणार नाही. आधी हा काटा काढा."

नऊ विचारले गेले. आठ बरोबर आले. एकूण चौदा, पात्रतेला एक कमी. तिने बोटांवर हिशोब केला आणि जागची हलली नाही. बाहेर सहा उमेदवार ताटकळत होते. अखेर अधीक्षक उठले, "चल, दाखव काय दाखवायचं ते," म्हणत जिना उतरले, आणि आम्ही दोघे मागोमाग.

ताटव्यापाशी तिने अधीक्षकांचाच अंगठा गुलाबाच्या काट्याला लावला. "बाजूनं दाबा. वरून नको, टोचेल." टक्. साहेबांच्या हातात काटा आला आणि ते त्याकडे लहान मुलासारखे पाहत राहिले. मग ती त्यांना लिंबापाशी घेऊन गेली. "आता हा दाबा." त्यांनी दाबला नाही. तिने काटा उभा चिरला आणि आतले लाकूड नखाने दाखवत म्हणाली, "हा घरचा. तो कातडीचा. दोघांना एकच नाव आहे म्हणून दोघं भाऊ होत नाहीत."

"तिचं बरोबर आहे," मी म्हणाले. मी ते वर, टेबलामागे बसून म्हणायला हवे होते.

अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. तालिका मंजूर झालेली आहे, तिच्यात इथे खाडाखोड करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्याने समजावून सांगितले. "पण परीक्षकांच्या हातात एक सवलतीचा गुण असतो. तो देऊ. पंधरा होतात. तू पात्र. मिटलं."

मुकादम तोवर तिथे येऊन उभा राहिला होता. तो हलकेच म्हणाला, "घे, घे. अकरा वर्षांनी दार उघडतंय."

"आणि तालिकेत काय राहणार?" तिने विचारले.

"ते राहू दे ना. तुला काय त्याचं?"

"मग सवलत मला कशाची देताय? चुकलं ते तुमचं. मी चुकले असते तर सवलत घेतली असती आणि पायाही पडले असते." तिने चिरलेला काटा खिशात टाकला. "नको. खोडा, नाहीतर राहू दे."

त्यांनी खोडले नाही. साहेब आणि अधिकारी कार्यालयाकडे वळल्यावर, परत ताटव्यापाशी येऊन तिने मला तो सुरुवातीचा प्रश्न विचारला. खरे सांगायचे तर सही करताना मला चूक दिसली होती. माळ्यांच्या परीक्षेला एवढे बारकावे कशाला, असे मला वाटले होते. हे कारण आहे आणि ते मी इथे लिहू शकते. तिच्या तोंडावर उत्तर म्हणून मी ते सांगितले नाही.

मुकादमाची जागा दुसऱ्याला मिळाली. तो सालस माणूस होता, कुंपणाला दोरी लावून छाटणारा. कात्री पुन्हा बिनहातमोज्यांची रोजंदारीवर. "हातात आलेलं सोडून आलीस," सासू पहिल्या दिवशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तळवा मांडीवर घेऊन तिने पुन्हा विचारले, "सवलत म्हणाले ते?" आणि थोड्या वेळाने, "मेले."

त्यानंतर दर मार्चमध्ये कात्रीने मुख्य कार्यालयाला एक अर्ज पाठवला. अर्ज ती स्वतः लिही, एकेक अक्षर कोरल्यासारखे. मजकूर चार ओळींचा. खाली खळीने तीन काटे चिकटवलेले, आणि त्यांच्याखाली ओळ: 'सोबत काटे तीन. कोण कुणाचा ते दाबून पाहावे व कळवावे.' पहिल्या वर्षी उत्तर आले नाही. दुसऱ्या वर्षी आले: आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे, मात्र यापुढे अर्जासोबत टोकदार वस्तू पाठवू नयेत. ते पत्र तिने पुस्तकात काट्यांच्या पानाशी ठेवले. तिसऱ्या वर्षी मी तिच्या अर्जाला माझे पत्र जोडले आणि त्यात माझ्या सहीची तारीख लिहिली. जोडू का, असे विचारायला मी तिच्या घरी गेले होते. सासूने मला खिडकीपाशी बसवले आणि माझे तळवे उलटसुलट करून पाहिले. "यांच्या हातात काहीच नाही गं," ती सुनेला म्हणाली. ते खरेच होते.

२००९ साली ती जागा पुन्हा रिकामी झाली आणि परीक्षाही पुन्हा लागली. तालिका तीच होती. आता नवे परीक्षक आले होते, पण अकरावे उत्तर काय छापले आहे, हे उद्यानातल्या प्रत्येक माळ्याला तोंडपाठ झाले होते. तिला तर सर्वांत आधी. परीक्षेच्या सकाळी जुना मुकादम मुद्दाम भेटायला आला. त्याला कायम कामगारांचे निवृत्तिवेतन मिळत होते आणि बोलायला वेळ होता.

"या खेपेला फांदी म्हणून टाक आणि मोकळी हो," तो म्हणाला. "एका शब्दानं तुझं काय जातंय?"

"शब्द जातो," ती म्हणाली. "आणि तो मी केलेला आहे."

बियांची पाने तिने या तीन वर्षांत तीनदा उलटली होती. वीसपैकी एकोणीस बरोबर आली. अकराव्यापुढे फुली होती. ती तिने मागून घेतलेल्या नकलेवर मला बोट ठेवून दाखवली. त्याच महिन्यात ती मुकादम झाली, आणि रोजंदारीवरच्या कामगारांनाही हातमोजे द्यावेत, ही तिची पहिली मागणी होती.

२०१५ सालच्या छापील उत्तरतालिकेत अकराव्या प्रश्नासमोर 'त्वचेची वाढ' असे उत्तर आहे.